परमिट, हातभट्टी आणि पुडी

कर्जतहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसावे आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशी एकेक स्टेशने घेत जावे. कोणत्याही स्टेशनाबाहेर उतरलात तरी पाट्यांच्या गर्दीत एक पाटी हटकून दिसेल : ‘परमिट रूम’. दातांचा दवाखाना, मोबाईलची दुरुस्ती आणि शिकवण्यांच्या जाहिराती यांच्या शेजारी ती इतकी रुळली आहे की, परमिट रूम म्हणजे दारूचा बार हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण परमिट कशाचे, असे त्या पोराला विचारा. त्यालाच काय, त्याच्या वडिलांनाही सांगता येणार नाही.

गंमत अशी की, ते परमिट अजून जिवंत आहे. मुंबई राज्याने १९४९ साली केलेला दारूबंदीचा कायदा महाराष्ट्राने आजतागायत रद्द केलेला नाही. त्याचे नाव बदलले, त्याला ठिगळांवर ठिगळे लागली. पण कायद्याच्या दृष्टीने पेला तोंडाला लावणाऱ्याच्या खिशात आजही परवाना हवा. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि तहहयातही मिळतो! म्हणजे दारू पिणे हा आपल्याकडे मुळात गुन्हा, आणि परवाना ही त्यातली सवलत. कागदावर बंदी कायम आहे आणि बाटली मात्र राजरोस चालली आहे.

हे सगळे आठवायला निमित्त झाले ते आमच्या वांगणीच्या कट्ट्यावरच्या एका वादाचे. वांगणी म्हणजे बदलापूरच्या पुढचे स्टेशन. एका अंगाला चंदेरीचा सुळका, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी, आणि मध्ये मुंबईत घर न परवडलेल्या माणसांच्या इमारती. निवृत्तीनंतर मीही इथे बिऱ्हाड केले. संध्याकाळी चार पेन्शनर जमतात आणि जगाचा कारभार चालवतात. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाला गांजाच्या पुडीसह पोलिसांनी धरले. मुलगा एकवीस वर्षांचा, आईवडील दोघेही सकाळच्या लोकलने कामाला जाणारे. पुडी विकायची नव्हती, ओढायची होती. तरी गुन्हा नोंदला गेला आणि तोंडावर आलेली नोकरी चारित्र्याच्या दाखल्यावर अडली.

बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही तावातावाने म्हणाले, “ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे कलमच काढून टाका. निम्मे गुन्हे आपोआप खाली येतील.” त्यावर एक माजी शिक्षक उसळून म्हणाले, “काढा की! वर्षभरात लेकीसुनांना स्टेशनवरून घरी येणे मुश्कील होईल.” एकाने पोर्तुगालचा दाखला दिला, दुसऱ्याने अमेरिकेतल्या ओरेगॉनचा. मी म्हटले, “मंडळी, पोर्तुगालला जाऊच, पण हा प्रयोग आपल्या ठाणे जिल्ह्यात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आधी त्याचा हिशेब तरी पाहू.”

तो हिशेब मी मांडू धजतो, कारण माझी चौतीस वर्षे फौजदारी न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. दारूबंदीच्या खटल्यांचे कागद मी इतके हाताळले की, पंचनाम्यातली वाक्ये आजही झोपेत म्हणून दाखवीन.

फुलांचा गुन्हा

आमच्या बाजूच्या डोंगरांत मोहाची झाडे आहेत. फाल्गुन-चैत्रात फुले गळतात, आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या बायका पहाटे ती वेचतात. ती वाळवून भाजून खातात, गुरांना घालतात आणि त्यांची दारूही गाळतात. लग्नात, देवकार्यात, मयतीला ती लागते. शेकडो वर्षे यात गुन्हा असा कोणाला दिसला नाही.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा आला. सरकारला दारू बंद करायची नव्हती, तिच्यावर कर घ्यायचा होता. घरोघरची गाळणी बंद झाली. ठरलेल्या भट्ट्यांतली दारू ठरलेल्या दुकानांतून घ्यायची, असा नियम झाला. उरण तर या भट्ट्यांसाठी प्रसिद्धच होते. तरीही डोंगरातली गाळणी थांबेना, तेव्हा १८९२ साली सरकारने खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा केला. फुले जवळ बाळगण्यावर, नेण्याआणण्यावर आणि विकण्यावर निर्बंध आले. काल जी बाई फुलांची टोपली घेऊन घरी जात होती, ती आज त्याच टोपलीपायी आरोपी झाली! बाई तीच, फुलेही तीच आणि तिची वागणूकही तीच. गुन्ह्यांचा आकडा मात्र वाढला. मोहफुलांवरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारने सैल केले ते २०२१ साली.

पहिला धडा इथेच मिळतो. काही गुन्हे असे असतात की, ते कायद्याच्या लेखणीतून जन्माला येतात आणि लेखणीनेच मरतात. समजा, एखाद्या गावात वर्षाला शंभर गुन्हे नोंदले जातात आणि त्यांतले साठ नुसते दारू प्याल्याचे आहेत. उद्या पिणे हा गुन्हा राहिला नाही, तर नोंद चाळिसावर येईल. पण म्हणून गाव सुधारले, असे कोणी म्हणेल का? उलट, बंदी आल्यावर चाळिसाचे शंभर झाले म्हणून गाव बिघडले, असेही म्हणता येणार नाही. कट्ट्यावरचे दोघेही स्नेही याच आकड्यावर भांडत होते.

न्यायालयाच्या दप्तरात कागदांचे गठ्ठे बांधायची मला सवय. मी या गुन्ह्यांचेही तीन गठ्ठे बांधतो. पहिला, निव्वळ सेवनाचा : प्याला, ओढली, जवळ बाळगली. दुसरा धंद्याचा : चोरटी भट्टी, टोळी, हप्ता, खून. तिसरा नशेचा : नशेत केलेली मारहाण, अपघात आणि नशेसाठी केलेली चोरी. कायदा बदलला की या तिन्हींचे तीन तऱ्हांनी होते.

कडकडीत बंदी

आता मोरारजीभाईंच्या जमान्याकडे येऊ. मुंबई शहरात पहिली दारूबंदी आली ती १ ऑगस्ट १९३९ रोजी. खेर मंत्रिमंडळातले डॉ. गिल्डर यांनी ती आणली. अबकारीचे उत्पन्न बुडणार म्हणून शहरातल्या घरांवर कर बसला आणि पुष्कळ ओरड झाली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो डाव तिथेच मोडला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून साऱ्या मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते, पुढे १९५२ मध्ये मुख्यमंत्री झाले.

आमच्या भागाच्या दृष्टीने एक योग पाहण्यासारखा आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले आणि ते केले गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी. हेच राजाजी १९३७ साली मद्रास इलाख्याचे प्रधान असताना त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली होती. दारूबंदीच्या आद्य पुरस्कर्त्याने नाव दिलेले गाव, आणि त्याच वर्षी आलेला दारूबंदीचा कायदा! पुढे याच पट्ट्यात हातभट्टीच्या खटल्यांनी न्यायालयांची टेबले वाकली.

कायदा लिहिणे सोपे, राबवणे अवघड. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा गाभा मान्य केला, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. लगेच पळवाट मिळाली. तोंडाला वास आला तर मनुष्य म्हणे, “टॉनिक घेतले होते!” एका जीपच्या अपघातात अडकलेल्या सरकारी अधिकाऱ्याने बी. जी. फॉस या टॉनिकचा असाच बचाव केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्याची शिक्षा रद्द झाली. पुढे १९५९ साली कायद्यात दुरुस्ती करून रक्तातल्या मद्यार्काचे प्रमाण ठरवावे लागले : शेकडा ०.०५. एका घोटासाठी किती डॉक्टर, किती बाटल्या रक्त आणि किती न्यायाधीश कामाला लागले, त्याचा हिशेब कोणी ठेवला असेल तर तो वाचायला मला आवडेल.

नवसागर, काळा गूळ आणि लोकल गाडी

हातभट्टीला फार भांडवल लागत नाही. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात कालवून पिंपात आंबत ठेवायचे. त्याला ‘रसायन’ म्हणतात. काही दिवसांनी ते चुलाणावर चढवायचे, वाफ नळीतून नेऊन थंड करायची, की धार लागते. पहिल्या धारेची सगळ्यांत कडक. यासाठी तीन गोष्टी हव्यात : वाहते पाणी, सरपण आणि आडोसा. उल्हास नदीचे काठ, डोंगरांतून उतरणारे ओढे आणि मलंगगडाच्या अंगचे रान यांनी तिन्ही पुरवल्या. चौथी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक. ते इंग्रजांनी घातलेल्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला होते. मोटारीच्या टायरच्या रबरी ट्यूबा भरायच्या आणि मुंबईकडे रवाना करायच्या.

तिकडे मुंबईत गल्लोगल्ली ‘आंटी’चे अड्डे उघडले. नवटाक आणि पावशेर ही वजनाची मापे पिणाऱ्यांच्या तोंडी पेल्याची झाली. बोरीबंदरला हमाली करणारा वरदराजन मुदलियार धारावी आणि माटुंगा भागात चोरट्या दारूचा राजा बनला. भट्टीवाला, वाहणारा, विकणारा, पहारा देणारा अशी हजारो माणसांची साखळी तयार झाली. या धंद्यात फसवणूक झाली तर न्यायालयात दाद मागता येत नाही, म्हणून सुरा हेच न्यायालय झाले. पोलिसाला हप्ता गेल्याशिवाय भट्टी पेटत नाही, म्हणून हप्ता हा उत्पादनखर्चाचा भाग झाला. दुसरा गठ्ठा फुगला तो असा. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, तेव्हा शिकागोत हेच घडले.

मी नोकरीला लागलो १९७४ साली. तोवर बंदी पुष्कळ सैल झाली होती, पण हातभट्टी चालूच होती. पंचनामे एकाच साच्यातले : “नवसागरमिश्रित काळ्या गुळाचे कच्चे रसायन, आंबट उग्र वासाचे, नमुन्यापुरते काढून बाकीचे जागीच नाश केले.” पंचही बहुधा तेच तेच. आरोपी म्हणजे दोन पोरे पदराला धरून उभी असलेली बाई, किंवा ट्यूब वाहून नेणारा एखादा मजूर. भट्टीचा मालक चौतीस वर्षांत माझ्या टेबलासमोर क्वचितच आला. बाई गुन्हा कबूल करी, न्यायालय उठेपर्यंतची कैद भोगी, दंड भरी आणि शेवटची गाडी गाठी. अशाच एका बाईला मी म्हटले, “मावशी, किती वेळा येणार? सोडा ना हा धंदा.” ती पावती पदरात बांधत म्हणाली, “भाऊसाहेब, दुकानवाला वर्षाचं लायसन एकदम भरतो, आमी हप्त्याहप्त्यानं भरतो. सरकारचं काय बुडालं?”

मला उत्तर सुचले नाही. दंड हा तिच्या लेखी गुन्ह्याचा धाक उरलेलाच नव्हता, तो धंद्याचा कर झाला होता. आणि दप्तरात मात्र दर वेळी ‘शाबीत’ असा शेरा पडत होता. शाबीत खटल्यांचे प्रमाण उत्तम म्हणून वरिष्ठ खूष, आणि भट्टी जिथल्या तिथे!

बंदी सैल झाली, पुढे?

पिणाऱ्याला गुन्हेगार न मानण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्राने १९६०-७० च्या दशकांत केला. वसंतराव नाईकांच्या काळात परवाने सुलभ होत गेले. १९७२-७३ पर्यंत बंदी केवळ नावाला उरली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची सरकारमान्य दुकाने सुरू झाली. त्याच कायद्याखाली वाढलेला गुजरात १९६० साली वेगळा झाला होता. त्याने मात्र बंदी धरून ठेवली. एकाच घरातले दोन भाऊ दोन वाटांनी गेले. तुलनेला याहून चांगला नमुना कुठला?

महाराष्ट्रात पहिला गठ्ठा झपाट्याने पातळ झाला. दुसऱ्याचे काय झाले? आंटीचे अड्डे ओस पडत गेले. पण टोळीवाला मनुष्य एक धंदा गेला म्हणून टाळ घेऊन पंढरीला जात नाही. दहावीस वर्षांत जमलेला पैसा, माणसे आणि पोलिसांशी बांधलेले संधान हे त्याचे खरे भांडवल. ते त्याने गोदीतल्या चोऱ्या, चोरटा माल, जुगार आणि खंडणी यांत गुंतवले. वरदराजनचे साम्राज्य मोडले ते १९८० नंतरच्या दशकात, पोलीस अधिकारी य. च. पवार यांनी पाठपुरावा केल्यावर. वरदराजन मद्रासला गेला आणि १९८८ मध्ये तिथेच वारला. म्हणजे बंदीने टोळी जन्माला घातली, हे खरे. पण बंदी उठल्याने ती मेली नाही. तिला मारायला पोलीसच लागले.

आणि विषारी दारू? सरकारमान्य दुकाने असूनही २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीत ऐंशीहून अधिक माणसे दगावली. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून अधिक गेली. दुकानातल्या बाटलीवर कर चढत गेला की, हातावर पोट असलेला मनुष्य पुन्हा ट्यूबमधल्या दारूकडे वळतो, आणि तिच्यात कोणी मिथेनॉल मिसळले की मरतो. तिकडे बंदीवाल्या गुजरातेत २००९ साली अहमदाबादेत सव्वाशेहून अधिक आणि २०२२ साली बोटादच्या बाजूला चाळीसहून अधिक बळी गेले. दोन्ही भावांच्या घरी तिरड्या उठल्या. बंदी नको, पण बाटली गरिबाच्या आवाक्याबाहेर, ही स्थिती त्याच्या दृष्टीने बंदीच आहे!

बायकांचे म्हणणे

इथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, “एकूण बंदी हा वेडेपणा.” इतक्या लवकर निकाल देऊ नये. आपण फक्त दोन गठ्ठे सोडले, तिसरा तसाच आहे.

गावोगाव दारूविरुद्ध उभ्या राहतात त्या बायका, कारण तिसऱ्या गठ्ठ्यातला मार त्यांच्या पाठीवर पडतो. महाराष्ट्रात गावातले किंवा वॉर्डातले दुकान मतदानाने बंद करता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली पसंत केली की, दुकानाला टाळे लागते. गडचिरोलीत १९९३ साली जिल्हाबंदी झाली तीही लोकांच्या चळवळीतून. चंद्रपूरच्या हजारो बायकांनी २०१० साली चिमूरहून नागपुरापर्यंत पायी मोर्चा नेला आणि १ एप्रिल २०१५ पासून तिथेही बंदी आली.

सहाच वर्षांनी, २०२१ च्या मे महिन्यात, सरकारने चंद्रपूरची बंदी उठवली. चोरटी विक्री वाढली, गुन्हे वाढले आणि बायका-मुलेही त्या धंद्यात ओढली गेली, असे कारण सांगितले गेले. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी या निर्णयावर टीका केली. माझ्यासारख्या कारकुनाला यात आपले गठ्ठे दिसतात. दारूबंदीखालचे गुन्हे बंदीत वाढणारच. तो पहिल्या-दुसऱ्या गठ्ठ्याचा आकडा. आकड्यात कधीच धड न येणारा गुन्हा म्हणजे चार भिंतींच्या आतला. नवऱ्याच्या माराची फिर्याद घेऊन किती बायका चौकीवर जातात? जो गुन्हा नोंदलाच जात नाही, तो कमी झाला की वाढला, हे आकड्यांवरून कोणी कसे सांगावे?

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी एकदा विचारले की, दुकान बंद करायचे मत आले तर काय कराल. त्या म्हणाल्या, “देईन की काका, आडवीलाच देईन. पण बाटली आडवी झाली म्हणजे नवरा आडवा व्हायचा थांबल का, तेवढं सांगा. त्याला दवाखान्यात नेनारं कोनी हाय का?” सव्वाशे वर्षांच्या कायद्यांनी हा प्रश्न फारसा विचारलाच नव्हता.

पुडीची गोष्ट

आता गांजाकडे वळू. आजच्या वाचकाला नवल वाटेल, पण गांजा १९८५ पर्यंत या देशात सरसकट बेकायदा नव्हता. इंग्रजी अमलात नगर जिल्ह्यात त्याची परवान्याने शेती होई आणि परवान्याच्या दुकानांत तो विकला जाई. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या. त्याला विचारलेल्या प्रश्नांपैकी एक आपलाच होता : गांजाने गुन्हे वाढतात का? आयोगाचे उत्तर असे की, बेताच्या सेवनाचा गुन्ह्यांशी संबंध दिसत नाही आणि संपूर्ण बंदी करण्याचे कारण नाही. वेड्यांच्या इस्पितळांतले आकडेही त्याने तपासले. रोग्याच्या कागदावर वेडाचे कारण लिहायची एक जागा असे, आणि दुसरे काही ठाऊक नसले की ‘गांजा’ लिहून ती भरली जाई! सरकारी रकाना रिकामा राहू नये, हा आमच्या कारकुनी धर्माचा नियम इतका जुना आहे.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारताने पावले टाकली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा नवा कडक कायदा आला. भांगेची पाने त्यातून वगळली गेली, गांजा आणि चरस आत आले. त्या सुमाराला मुंबई-पुण्यात ‘गर्द’ येऊन पोहोचली होती. डॉ. अनिल अवचट यांनी तिच्यावर ‘गर्द’ हे पुस्तक लिहिले, आणि १९८६ मध्ये त्यांनी व डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. कायद्याने व्यसनी माणसाला आरोपी म्हटले, मुक्तांगणने त्याला रोगी म्हटले. दोन दारे एकाच वेळी उघडली. फरक इतकाच की, तुरुंग जिल्ह्याजिल्ह्याला होता आणि मुक्तांगण एक.

२००१ साली कायद्यात तारतम्य आले. थोडे प्रमाण आणि व्यापारी प्रमाण असे भेद झाले. गांजा एक किलोपर्यंत थोडा, वीस किलोंवर व्यापारी. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत थोडे, पाव किलोच्या वर व्यापारी. नव्या पिढीच्या ‘एम. डी.’ म्हणजे मेफेड्रोनचा समावेश झाला २०१५ साली. गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. याच कायद्यात एक दयाळू कलम आहे, चौसष्ट-अ. थोड्या प्रमाणाचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. शेजारच्या मुलाच्या आईला हे कलम मी सांगितले, तेव्हा तिने ते पहिल्यांदाच ऐकले. “काका, हे आधी कुणी का नाही सांगितलं?” असे ती म्हणाली. वकिलाकडे जाण्याआधी ती आता व्यसनमुक्ती केंद्राकडे गेली आहे.

पोर्तुगाल आणि ओरेगॉन

कट्ट्यावरच्या दोन्ही स्नेह्यांचे परदेश आता पाहू. पोर्तुगालात १९९० नंतर हेरॉइनने कहर केला. शंभरात एक मनुष्य त्याच्या पाशात होता, असे मानले जाते. १ जुलै २००१ पासून त्या देशाने दहा दिवसांपुरता साठा जवळ बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. विक्री हा गुन्हा राहिलाच. पकडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी डॉक्टर, समाजसेवक आणि कायदेतज्ज्ञ यांच्या मंडळापुढे नेऊ लागले. शिवाय उपचारकेंद्रे काढली, पैसा ओतला. तुरुंगातल्या कैद्यांत अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते, ते दहाबारा वर्षांत निम्म्यावर आले. सुया टोचून घेणाऱ्यांत एचआयव्हीचे नवे रोगी २००१ साली हजारावर होते, ते २०१२ पर्यंत शंभराच्या आत आले. व्यसनाचा डोंब उसळेल ही भीती खरी ठरली नाही. पुढे उपचारांचा पैसा आटला, तेव्हा पोर्तोसारख्या शहरांत उघड्यावरच्या नशेच्या तक्रारी पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

ओरेगॉनने २०२० साली लोकमताने असाच निर्णय घेतला आणि २०२१ च्या फेब्रुवारीपासून अमलात आणला. शिक्षेच्या जागी शंभर डॉलरचा दंड, आणि उपचारासाठी दूरध्वनी केला की दंड माफ. दंडाची चिठ्ठी लगेच हातात पडू लागली, पण उपचारांचा पैसा केंद्रांपर्यंत पोहोचायला फार वेळ गेला. त्या क्रमांकावर दूरध्वनी करणारेही विरळा. नेमक्या त्याच काळात फेंटानिल हे जालीम विष तिथे शिरले. मृत्यू वाढले ते कायद्याने की विषाने, यावर संशोधकांत वाद झाले. लोकांना मात्र रस्त्यावरचे दृश्य सहन झाले नाही. १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे पुन्हा गुन्हा झाले.

दोन्हीकडे कलम काढले. दवाखाना मात्र एकीकडे वेळेवर उघडला आणि दुसरीकडे उशिरा. आमच्या भांडीवाल्या बाईंचा प्रश्न पोर्तुगालने आधी सोडवला होता, ओरेगॉनने नंतरसाठी ठेवला.

तर मग काय करावे?

माझे मत विचाराल तर सांगतो. सेवन हा फौजदारी गुन्हा राहू नये. त्याने गुन्हे कमी होतात ते कागदावर; पण त्या कागदावर एकवीस वर्षांच्या पोराचे नाव असते, म्हणून तेवढेही मोलाचे आहे. शिवाय पुड्यांमागे धावणारा पोलीस मोकळा होतो आणि त्याला भट्टीच्या मालकाचा माग काढायला सवड मिळते. विक्रीचा धंदा हा गुन्हा राहावा आणि तो मोडायला पोलीसच हवेत, हे वरदराजनच्या कहाणीने शिकवले आहे. आणि तिसरा गठ्ठा, नशेतली मारहाण, चोरी आणि अपघात, हा कलम घालून हटत नाही आणि कलम काढूनही हटत नाही. तो हटतो व्यसन सुटल्याने, आणि व्यसन सुटायला खाटा लागतात, डॉक्टर लागतात आणि वर्षानुवर्षे चिकाटी लागते.

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन शहरांत मिळून लाखो माणसे राहतात. त्यांच्या वाट्याला परमिट रूम किती आणि व्यसनमुक्तीच्या सरकारी खाटा किती, हे आपापल्या नगरसेवकाला विचारावे. निवडणुकीच्या आधी विचारलेले अधिक चांगले. आपल्या घरात पुडी सापडणार नाही असे प्रत्येक आईबापाला वाटते. शेजारच्या इमारतीतल्या त्या दोघांनाही वाटत होते. चौसष्ट-अ हा आकडा फ्रीजवर चिकटवून ठेवायला हरकत नाही. आणि एखाद्या व्यासपीठावरून “आमच्या निर्णयाने गुन्हे इतके टक्के घटले” किंवा “वाढले” असे कानावर आले, तर टाळी वाजवण्याआधी उभे राहून विचारावे : साहेब, कोणत्या गठ्ठ्यातले?